शून्य बदल

“म्हणजे तू तिथे प्रभूचं नाव घेतलंस, तरी मला ऐकू येणार नाही,” आई म्हणाली. ती लियासाठी नाचणीचं सत्त्व ढवळत होती, गुठळी होऊ नये म्हणून एकाच दिशेने.

“नाही येणार.”

“आणि तुला?”

“मला नेहमीसारखंच. मला वाटेल, सगळ्यांना ऐकू गेलं.”

“मग आम्हाला काय ऐकू येईल?”

“दुसरं काहीतरी. माझ्याच आवाजात. मी सर्वांची आभारी आहे, असं काहीतरी.”

आईने गॅस बंद केला. सत्त्वाचा थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघितला. “लबाडी म्हणतात याला एस्तू,” ती म्हणाली. “आणि त्याच्यावर तुला पीएचडी दिली?”

लिया माझ्या मांडीवर बसून माझ्या कुर्त्याचं बटण तोंडात घालायचा प्रयत्न करत होती. मी तिचा हात बाजूला केला, तिने परत घातला, मी परत बाजूला केला. हे मी कितीही वेळ करू शकते. मला त्याचा कंटाळा येत नाही आणि कौतुकही वाटत नाही.

लबाडी म्हणून कुणीच सुरुवात केली नव्हती. आमच्या विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात एका वर्षी एका मुलाने माइक हातात आल्यावर देवाच्या नावाची घोषणा दिली. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूच्या मुलांनी त्यांची दिली. त्याच्या पुढच्या वर्षी खुर्च्या उडाल्या आणि कुणाच्यातरी वडिलांचं डोकं फुटलं. प्रकरण न्यायालयात गेलं. न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही बरोबर होत्या. सरकारी विद्यापीठाने आपल्या व्यासपीठावरून कुणाचीच प्रार्थना करायची नाही. आणि विद्यार्थी स्वतःच्या मनातलं बोलत असेल, तर विद्यापीठाने त्याचं तोंड दाबायचं नाही. या दोन वाक्यांमध्ये जी फट राहिली, तिच्यात डॉ. वृंदा केळशीकरांनी आपली प्रयोगशाळा उभी केली. त्या माझ्या मार्गदर्शक. यंत्राचं नाव ‘समस्वर’.

त्याचं तत्त्व साधं आहे. माणूस एखादा शब्द बोलतो, त्याच्या किंचित आधी गळ्याचे आणि जबड्याखालचे स्नायू त्या शब्दाच्या तयारीला लागतात. त्या तयारीत अगदी क्षीण वीज असते. गळ्याला चिकटवलेल्या पट्टीला ती कळते, आणि त्यावरून शब्द ओठांपर्यंत यायच्या आतच यंत्राला त्याचा अंदाज येतो. पुढचं सोपं. एवढ्या मोठ्या सभागृहात माणसाचा उघडा आवाज जातोच किती लांब? पहिल्या दोन-तीन रांगांपर्यंत. त्या रिकाम्या ठेवायच्या. बाकी सगळा आवाज तारेतून जातो, आणि तारेतून जाणारं काहीही बदलता येतं. देवाचं नाव आलं, घोषणा आली, की यंत्र ती उचलून तिच्या जागी बोलणाऱ्याच्याच आवाजात दुसरे शब्द ठेवतं. सभागृहातल्या मोठ्या पडद्यावरचे ओठसुद्धा त्या शब्दांना जुळवून देतं. बोलणाऱ्याला मात्र स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून ऐकू येतच असतो. त्याला काहीच कळत नाही. व्यासपीठावरच्या पाहुण्यांच्या कानात सभागृहाचाच आवाज सोडतात. त्यांनी ऐकलं आणि आक्षेप घेतला नाही, असं उद्या कुणी म्हणायला नको.

“बोलायचं स्वातंत्र्य पूर्ण आहे,” मॅडम पत्रकारांना सांगायच्या. “ऐकवायचा हट्ट तेवढा आम्ही काढून घेतलाय.”

माझा प्रबंध त्या भरावाच्या वाक्यांवर होता. गाळलेल्या जागी अलगद बसतील, कुणाला टोचणार नाहीत, कुठल्या घरातली आहेत ते कळणार नाही, अशी वाक्यं. लिया पोटात असताना, सातव्या महिन्यापर्यंत मी ती लिहीत होते. मॅडम म्हणायच्या, “एस्तेर, तुझी मराठी पाण्यासारखी आहे. चव नाही. म्हणूनच कामाची.”

पहिल्या वर्षी जुनैद नावाच्या मुलाने ‘बिस्मिल्लाह’ म्हणून सुरुवात केली, लोकांना ‘आदरणीय व्यासपीठ’ ऐकू आलं. त्याचे वडील घरी गेल्यावर बरेच दिवस त्याच्याशी धड बोलले नाहीत. एका मुलीच्या ‘हर हर महादेव’चं ‘हार्दिक अभिनंदन’ झालं. ‘जय भीम’ हा धर्म, की राजकारण, की नुसता नमस्कार, यावर विद्यापीठाच्या समितीच्या बैठकांमागून बैठका झाल्या आणि शेवटी त्याचा ‘नमस्कार’ करायचं ठरलं. ज्याचा झाला त्याला ते नंतर कळलं. त्याने पदवी टपालाने परत पाठवली.

मग हळूहळू लोकांना सवय झाली. कुणी भांडेना. व्यासपीठावरून मुलाचं आडनाव पुकारलं, की लोक गाळलेली जागा आपली आपण भरू लागले. एखादी म्हणायची, “मी सर्वांची आभारी आहे.” की मागच्या रांगेत कुजबुज, “साईबाबा म्हणाली असणार. शिर्डीकडची आहे ना.” आणि टाळ्या.

कधी कधी ती मुलगी खरोखरच फक्त सर्वांची आभारी असायची.

*

यंदा विद्यार्थ्यांच्या वतीने दोन मिनिटांचं मनोगत मी करावं, असं विद्यापीठाने ठरवलं. यंत्रावरच पीएचडी केलेली मुलगी, कडेवर बाळ, फोटोला बरं.

आईला हे कळलं तेव्हा तिने दोन्ही हात जोडून छताकडे बघितलं. लियाच्या वेळी माझं रक्त थांबत नव्हतं. आई आयुष्यभर मिशनच्या दवाखान्यात सिस्टर होती, कितीतरी बाळंतपणं तिने केलेली. पण त्या दिवशी तिला आत घेतलं नाही. बाहेर बाकावर बसून तिने प्रभूला वचन दिलं. माझी पोर वाचली, तर ती स्वतःच्या तोंडाने, मंडळीसमोर उभी राहून उपकारस्तुती करील.

आमच्यात हे असं असतं. संकटातून पार पडलं, की रविवारी उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची. माझं असं असं झालं, प्रभूने मला असं सोडवलं. मनातल्या मनात मानलेले आभार चालत नाहीत. चार लोकांसमोर बोललं, की ते खरे.

मी वाचले त्याला आता नऊ महिने झाले होते. कितीतरी रविवार गेले. लियाला सर्दी होती. माझं डोकं दुखत होतं. माझ्या नवऱ्याला, आमोदला, सुट्टी नव्हती. चर्चचे पाळकसाहेब आईला विचारायचे, “सिस्टर, एस्तेर कधी येणार?” आणि आई दर वेळी माझी बाजू सांभाळून घ्यायची.

“चर्चमध्ये नको तर नको,” ती आता म्हणाली. “तिथे बोल. जमलेले लोक म्हणजे मंडळीच.”

“तुला ऐकू येणार नाही आई. आत्ताच सांगितलं ना.”

“मला कशाला यायला हवं? ज्याला जायचं त्याला जातं.” तिने लियाला माझ्याकडून घेतलं, मांडीवर आडवी केली आणि चमचा ओठांना लावला. लियाने तोंड उघडलं. माझ्याकडे ती इतक्या सहज उघडत नाही.

मला आईला जे सांगायचं होतं ते उपकारस्तुतीच्या उलट होतं, असंही नाही. ते कशाच्याच उलट नव्हतं. मला काही वाटत नव्हतं, एवढंच होतं. दाढ काढताना इंजेक्शन देतात, मग आपलाच गाल आपल्याला दुसऱ्याचा लागतो. तसं, पण आतून. लिया रडली की मी उठायचे. अंगावर पाजायचे, ढेकर काढायचे, तिच्या मानेच्या घडीत साचलेली पावडर ओल्या फडक्याने टिपायचे. तिच्या टाळूवरचा तो मऊ भाग श्वासाबरोबर वरखाली होतो, तो बघत बसायचे. किती नाजूक आहे हे मला कळायचं. कळायचं, वाटायचं नाही. सगळं मी नीट करत होते, परक्या बाईचं मूल सांभाळावं तसं; जास्तच काळजीने.

आमोदला सांगितलं. तो म्हणाला, “झोप पुरी होत नाही ना तुझी.” आणि त्या आठवड्यात लियाला रोज सकाळी फिरवून आणलं. चांगला आहे तो.

आईला सांगायला जायचे तेव्हा दर वेळी एकच व्हायचं. मी म्हणायचे, “आई, मला ना, बरं वाटत नाही गं. म्हणजे काहीच...” एवढ्यात ती माझे हात हातात घ्यायची आणि डोळे मिटायची. “हे प्रेमळ पित्या, तुझं हे लेकरू...” तिची प्रार्थना लांब आणि गोड असते. तिच्यात माझं नाव असतं, लियाचं, आमोदचं, शेजारच्या आजारी काकांचंही असतं. आणि प्रार्थनेच्या मध्ये बोलायचं नाही, हे मी बोलायला शिकायच्या आधी शिकले होते. आमेन झालं की ती डोळे पुसायची आणि विचारायची, “आता बरं वाटतंय ना?”

मी म्हणायचे, “हो.”

दुसऱ्यांच्या पोरींचं तिला चेहऱ्यावरून कळायचं. वॉर्डात फेरी मारताना लांबूनच म्हणायची, त्या खाटेवरच्या बाईकडे लक्ष ठेवा, ती बाळाकडे बघत नाहीये. पण मी तिची होते, आणि माझ्यासाठी तिने वचन दिलं होतं.

म्हणून मी ठरवलं, की तिथेच सांगायचं. भाषण चालू असताना मध्ये प्रार्थना करता येत नाही. दोन मिनिटं आईला फक्त ऐकावं लागेल. आणि यंत्राला हात लावायला जागा मिळू नये म्हणून मी माझं मनोगत फार जपून बांधलं. देव नाही, प्रभू नाही, कृपा नाही, आशीर्वाद नाही. ‘नशीब’सुद्धा नाही, त्यावर यंत्र कधी कधी अडखळायचं. कुठला शब्द त्याला खटकतो ते माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? साधी, छोटी, कोरडी वाक्यं. सरळ पलीकडे पोचतील अशी.

*

समारंभाच्या सकाळी मॅडमनी स्वतः माझ्या गळ्याला पट्टी लावली आणि वरून उपरणं नीट केलं. “घट्ट वाटतंय?”

“नाही.”

“काय बोलणारेस?”

“थोडंसंच.”

“देवाबिवाचं बोललीस तरी चालेल बरं का,” त्या हसून म्हणाल्या. “उलट बोलच. माझं यंत्र दिसू दे पाहुण्यांना.”

“त्यांना तर दिसणारच नाही मॅडम. तेच तर तुमचं यंत्र.”

“हां, ते आहेच,” त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

माझं नाव पुकारलं. पहिल्या तीन रांगा मोकळ्या होत्या, त्यांच्यावर पांढरी आवरणं. मागे लांबवर आई दिसली. तिने ठेवणीतली मोतिया रंगाची साडी नेसली होती. लिया तिच्या खांद्यावर, पाठमोरी. शेजारी आमोद फोन वर धरून.

मी म्हणाले, “नमस्कार. मी एस्तेर आढाव. नऊ महिन्यांपूर्वी मला मुलगी झाली. त्या दिवशी माझं खूप रक्त गेलं. अनोळखी माणसांनी दिलेल्या रक्तावर मी वाचले. तेव्हापासून मला काही वाटत नाही. आनंद वाटत नाही, वाईटही वाटत नाही. मी मुलीचं सगळं करते. ती माझ्याकडे बघून हसते, तेव्हा माझ्या आत काही हलत नाही. मला वाटतं, मी आजारी आहे. आई, मला तुझी मदत हवी आहे. धन्यवाद.”

टाळ्या झाल्या. नेहमीच्याच, मापातल्या. कुलगुरूंनी कानातलं इयरफोनचं बोंडूक जरा सारखं केलं आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. आई डोळे पुसत होती. मला वाटलं, पोचलं.

चहाच्या टेबलाशी एक गृहस्थ माझ्याजवळ आले. कुणाचे तरी काका असावेत. “ताई, रागावू नका,” ते म्हणाले, “पण मूळ काय होतं हो?”

“कशाचं?”

“भाषणाचं. म्हणजे इतकं सगळं बदलावं लागलं यंत्राला, तर तुम्ही काहीतरी जबरदस्त बोलला असणार.”

“बदललं नाही काही. हेच बोलले.”

ते समजूतदारपणे हसले. “असू द्या. इथे नका सांगू. आढाव ना? नगरकडचे? आमच्या शेजारी आहेत तुमच्यातले. फार भाविक माणसं.” आणि माझ्या बशीत एक खारी ठेवून ते गेले.

त्यांच्यामागे दोन मुली उभ्या होत्या. “काय ऑकवर्ड वाक्यं टाकतंय ना आता ते,” एक दुसरीला म्हणाली. “अपडेट केलं वाटतं.”

मॅडम टॅबलेट घेऊन लगबगीने आल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. “एस्तेर, तू काही छेडलंस का त्याला? एवढा मोठा भराव घालायची परवानगीच नाहीये त्याला. आणि इथे बघ, नोंद काय दाखवतेय. शून्य बदल. म्हणजे नोंदच बिघडली.”

“नोंद बरोबर आहे मॅडम.”

“कशी बरोबर? वाक्यं तुझ्याच साच्यातली आहेत. आखूड, सरळ, एक विशेषण नाही. मी ओळखते ना.”

“माझीच आहेत. मी बोलले ती.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांना मुलगा आहे, परदेशात असतो. त्याच्या जन्माच्या वेळचं त्या कधी बोलल्या नाहीत. त्या बघत राहिल्या. मग त्यांनी टॅबलेटचा पडदा विझवला.

“कुलगुरूंना बिघाड म्हणूनच सांगते,” त्या हळूच म्हणाल्या. “तुझ्यासाठी तेच बरं.”

*

सभागृहामागे जादा खुर्च्या ठेवायची खोली होती. लियाला पाजायला मी तिथे बसले. आई दार लोटून आत आली. आमोद गाडी काढायला गेला होता. मी गळ्यावरची पट्टी सोलून काढली; तिच्याखाली कातडी ओलसर आणि लाल झाली होती.

आईने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. “मला कळलं,” ती म्हणाली. “सगळं काढून टाकलं मेल्यांनी. आजारी काय, काही वाटत नाही काय. माझ्या लेकीच्या तोंडात घातलं असलं. पण मी तुझ्याकडे बघत होते एस्तू. तुझा चेहरा बघूनच मला कळलं, केवढी मोठी साक्ष देतेयस ते. शेजारच्या बाईंना मी सांगितलं, बघा, माझी पोर प्रभूचं नाव घेतेय, तुम्हाला ऐकू येणार नाही.” ती रडत होती. बाळंतपणाच्या दिवसापासून मी तिला इतकी हलकी पाहिली नव्हती. “फिटलं माझं वचन.”

मी काहीच बोलले नसते, तरी चाललं असतं. आईचं वचन फिटलं होतं. पाळकसाहेब पुन्हा विचारणार नव्हते. लिया पीत होती, तिचे डोळे मिटत आले होते, आणि एक हात माझ्या उपरण्यात रुतवून ती मला धरून होती. आम्ही घरी गेलो असतो, आईने गोड केलं असतं. मी उद्याही उठले असते, परवाही. सगळं नीट केलं असतं.

आईने माझ्या डोक्यावर एक हात ठेवला, लियाच्या डोक्यावर एक, आणि डोळे मिटले. “हे प्रेमळ पित्या, आज तुझ्या लेकराने सगळ्या लोकांसमोर...”

“आई, थांब.”

ती थांबली नाही. तिला वाटलं, मी लियाला काहीतरी म्हणतेय.

“आई. प्रार्थना थांबव.”

तिने डोळे उघडले. आमच्या घरात हे वाक्य कधी कुणी बोललेलं नव्हतं. मला वाटलं होतं, बोलल्यावर माझ्या आत काहीतरी होईल. काही झालं नाही. तेच बधिर, तेच सपाट. म्हणूनच कदाचित बोलता आलं.

“त्यांनी काही काढलं नाही,” मी म्हणाले. “काही घातलंही नाही. तुला ऐकू आलं तेच मी बोलले. शब्द न् शब्द.”

“गळ्यात पट्टी होती तुझ्या.”

“आता नाहीये.”

आई माझ्याकडे बघत होती. मग खुर्ची ओढून ती माझ्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. तिने उजव्या हाताची दोन बोटं माझ्या गळ्यावर ठेवली, लाल झालेल्या कातडीवर. तिची बोटं गार होती.

“बोल परत,” ती म्हणाली.

मी बोलले. रक्ताचं बोललेच नाही, ते तिला माहीत होतं. मला काही वाटत नाही, म्हणाले. लिया हसते तेव्हा माझ्या आत काही हलत नाही. मी आजारी आहे असं मला वाटतं. प्रत्येक शब्दाला तिची बोटं किंचित हलत होती. तिसऱ्या वाक्याला तिचा चेहरा मावळला. इतका वेळ त्याच्यावर जो उजेड होता तो गेला, आणि मी तो घालवला, हे मला दिसत होतं. तरी मी शेवटपर्यंत बोलले.

बाहेर आमोदने हॉर्न वाजवला. लियाने झोपेत दचकून परत तोंड लावलं.

आईने मघाची प्रार्थना पुरी केली नाही. आमेन म्हटलं नाही. तिने घसा साफ केला आणि वॉर्डातल्या कुठल्याही बाईला विचारावं, तशा आवाजात विचारलं,

“कधीपासून?”

“पहिल्या आठवड्यापासून.”

“भूक लागते?”

“नाही.”

“तिला काही करावंसं वाटतं? किंवा स्वतःला?”

“नाही. तसं नाही.”

“खरं सांग.”

“खरंच सांगतेय.”

तिने मान हलवली. लियाला माझ्याकडून घेतलं नाही. ती होती तशीच माझ्याजवळ राहू दिली. गळ्यावरची बोटंही काढली नाहीत.

“अजून सांग,” ती म्हणाली.